वरची खुर्ची, खालची खुर्ची

पडदा वर जातो तेव्हा चांगलं उजाडलेलं असतं. समोर पत्र्याची एक लांबट शेड, तिच्यापुढे झाडून लख्ख केलेलं अंगण. डाव्या अंगाला वाळल्या पानांचा पुरुषभर उंच ढीग, उजव्या अंगाला धांडे, तूस आणि पेंढा. पाठीमागे दूरवर जंगलाची काळसर कड. आणि अंगणाच्या अगदी मधोमध एक खुर्ची. तिच्यावर साठी उलटलेले एक किरकोळ अंगाचे गृहस्थ ताठ बसलेले, नजर समोर, आणि मांडीवर जात्याची दगडी तळी. फोटो काढून घ्यायला बसतात तसे. फोटोवाला मात्र कुठेच नाही, आणि बसण्याचा हा त्यांचा सदतिसावा दिवस आहे.

या गृहस्थांचं खरं नाव मतदार यादीत असेल तर असेल. सगळा गाव त्यांना पाचोळेकाका म्हणायचा. काकू 'अहो' म्हणायच्या. पण त्या 'अहो'चे त्यांच्याकडे सतरा प्रकार होते आणि काका नुसत्या सुरावरून ओळखायचे की आता जेवायला बसायचं आहे की घराबाहेर पडायचं आहे.

काका एकतीस वर्षं लाकडाच्या वखारीत होते. काम एकच: करवतीखाली पडणारा भुसा घमेल्यात भरायचा आणि मागच्या ओढ्यात नेऊन टाकायचा. एकतीस वर्षं माणसानं टाकण्याचंच काम केलं की त्याचं मन दगड तरी होतं, नाहीतर भलतीकडेच वळतं. काकांचं वळलं. पहिली दहा वर्षं त्यांनी मुकाट्यानं टाकला. मग रोज एक घमेलं घरी आणू लागले. पलंगाखाली पोती झाली, मग पलंग पोत्यांवर आला, आणि काही दिवसांनी झोपताना काकूंचं नाक छपराला लागायला लागलं.

"लग्नात सांगितलं होतं, मुलगा वखारीत आहे," काकू आल्यागेल्याला ऐकवायच्या. "वखार मुलात आहे, हे कुणी नाही बोललं!"

वखार बंद पडली आणि काका मोकळे झाले. जंगलात पडलेली पानं, शेतात जाळून टाकतात ते धांडे, गिरणीमागचं तूस, जे जे जगानं ओवाळून टाकलं ते ते काकांनी घरी आणलं. भिजवलं, कांडलं, कंदांच्या सालींची खळ करून त्यात कालवलं, आणि त्यातून वस्तू काढायला लागले. पहिल्यांदा चपला. त्या घालून काका मेव्हणीकडे निघाले आणि वाटेत दवानं भिजलेलं गवताचं रान लागलं. मेव्हणीच्या दारात पोचले तेव्हा पायात चपलांचे फक्त अंगठे होते. मग टोपी. ती पोस्टमननं मोठ्या हौसेनं घातली आणि एका घरी पत्र देताना त्या घरच्या बकरीनं ती त्याच्या डोक्यावरच खाल्ली. पोस्टमन हलला नाही. सही घ्यायची राहिली होती म्हणे.

खुर्ची मात्र जमली. कशी जमली ते काका फार रंगवून सांगायचे. जंगलातल्या सुईसारख्या पानांचा चिवटपणा, धांड्यांचा भरीवपणा, तुसानं बुजलेली भोकं, वरून मेणाचा हात. पण खरं मर्म दाबात होतं. बंद पडलेल्या पुस्तकबांधणीच्या दुकानातून त्यांनी एक लोखंडी दाबयंत्र आणलं होतं. वर आडवा दांडा, त्याला दोन टोकं. एका टोकाला थोरली जाऊ, दुसऱ्या टोकाला धाकटी. एकाच घरातल्या या दोघी जावा एका बादलीवरून अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. एकीनं ओढलं की दुसरीनं ढकलायचं. तोंडातून अवाक्षर नाही. कुणी दमले म्हणायची सोय नव्हती. त्यामुळे साच्यावर दाब असा एकसारखा यायचा की खुर्चीचा पाय हातोडीनं वाजवला तर टणत्कार निघावा.

"ह्या दोघींचं सूत जमलं," काका हळूच म्हणायचे, "की आपला कारखाना बसला."

ही खुर्ची जमिनीवर असेतो दगडासारखी. पण मोडकळीला आली की तिला मातीत पुरायचं. तीन महिन्यांत तिची माती. जंगलाचं जंगलाला, शेताचं शेताला. शाळांनी तीनशे खुर्च्या मागितल्या. फक्त दोन कागद हवे होते: एक टिकाऊपणाचा दाखला, एक कुजण्याचा दाखला.

आणि ते कागद लवकर हवे होते, कारण शेड काकांची नव्हती. ती गावच्या सहकारी संस्थेची. अध्यक्षांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "काका, वर्षअखेर दाखले दाखवा, शेड तुमची. नाहीतर रिकामी करा. मला जागा पाहिजे." कशाला पाहिजे? तर संस्थेच्या बेचाळीस मोडक्या लोखंडी खुर्च्या ठेवायला. त्या दुरुस्त करायला मंजुरी नव्हती आणि भंगारात काढायलाही मंजुरी नव्हती. गेली नऊ वर्षं त्या अध्यक्षांच्या घरी, माजघरात होत्या, आणि अध्यक्षांच्या पत्नीनं आता 'त्या तरी राहतील नाहीतर मी' इथवर आणलं होतं. तेव्हा अध्यक्षही बिचारे अडलेलेच होते.

दोन्ही दाखले देणारे तपासनीस साहेब एकच. माणूस सोन्यासारखा. कुणाचा चहासुद्धा घेत नसत. स्वतःचा थर्मास बरोबर आणत, झाकणात ओतून, पाठ फिरवून पीत. त्यांनी एक खुर्ची स्वतःसमोर अंगणात पुरून घेतली आणि नव्वद दिवसांनी स्वतःसमोर उकरून घेतली. खड्ड्यात काळीभोर, भुसभुशीत माती. काकांना तर आनंदानं नाचावंसं वाटलं.

साहेब खड्ड्याशी उकिडवे बसले. "खुर्ची कुठाय?"

"कुजली, साहेब!"

"कुजलेली दाखवा."

काकांनी ओंजळभर माती पुढे केली. "ही काय."

"ही माती आहे."

"आहेच. पण आधी खुर्ची होती."

"हे बघा पाचोळे, नव्वद दिवसांपूर्वी इथं खुर्ची होती. आज नाही. ती कुजली का कुणी काढून नेली, मी कशावरून ठरवू?"

"पुरलेली खुर्ची उकरून कोण नेईल, साहेब?"

"असं म्हणू नका. माझ्या नोकरीत मी एक आख्खा पूल गेलेला पाहिलाय." साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "त्यावर पहारा नव्हता."

अर्ज नामंजूर. वर्ष संपायला चार महिने उरले.

साहेब तीन रात्री झोपले नसावेत, कारण चौथ्या दिवशी ते स्वतःहून आले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवं नाटक सुचलेल्या माणसाचं तेज होतं. त्यांनी दोन नव्या खुर्च्या मागितल्या. दोन्हींच्या पायाला तारेनं एकेक लाल प्लास्टिकचं सील बांधलं. सीलवर नंबर आणि खाली साहेबांची सही. एक खुर्ची पुरायची. दुसरी बरोबर तिच्या डोक्यावर, जमिनीवर ठेवायची. टिकाऊपणासाठी दुसऱ्या खुर्चीवर प्रौढ माणसानं रोज आठ तास, असे नव्वद दिवस बसायचं. जो बसेल तोच खालच्या खुर्चीचा पहारेकरी.

"एका बैठकीत दोन दाखले," साहेब म्हणाले.

"म्हणजे खुर्ची राखायची खुर्चीवर बसून," काकू आतून बाहेर येत म्हणाल्या. "पुढारी तेच करतात. त्यांना द्या की दाखला."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. मात्र प्रौढ माणूस नियमाप्रमाणे सत्तर किलोचा हवा होता आणि काका भरले चौपन्न. म्हणून मांडीवर सोळा किलोची जात्याची तळी.

"नातवंडं खेळवायच्या वयात जातं खेळवताय!" काकूंनी पहिल्या दिवशी चहा हातात देताना ऐकवलं. पण तळीखाली चौपदरी गोधडी घातली ती त्यांनीच.

तर असे काका बसले. सकाळी आठला बसायचे, मधे अर्धा तास जेवण, साडेचारला उठायचे. आठवड्यात बातमी पंचक्रोशीत पसरली. दोन तरुण कार्यकर्ते धावत आले.

"काका, उपोषण आहे?"

"छे! आत्ताच जेवलो."

"मग मागणी काय?"

"मागणी कसली? बसलोय."

मागणी नसताना कुणी इतका ठाम बसलेला कार्यकर्त्यांनी पाहिला नव्हता. ते आदरानं दोन पावलं मागे सरकून निघून गेले. मग लोक यायला लागले. कुणाचा बांध फुटला होता, कुणाच्या दारात शेजाऱ्याची मोरी वाहत होती, कुणाचं पेन्शन अडलं होतं. काका काहीच करू शकत नव्हते, पण ऐकत होते. "ऑफिसात पाच खेपा घातल्या, खुर्ची दिसते, साहेब दिसत नाही," एक म्हातारी म्हणाली. "इथं दोन्ही दिसतात, हेच खूप झालं." काकांनी मान हलवली. मांडीवर तळी असल्यानं एवढंच हलत होतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी काकूंच्या हातून ते घडलं. त्या सीलची तार खुर्चीच्या पुढच्या उजव्या पायाला होती आणि काकांच्या पायजम्यात रोज अडकायची. रोज एक चीर, रोज संध्याकाळी काकू सुईदोरा घेऊन बसायच्या. साहेबांनी सील लावलं तेव्हा त्या आत खळ ढवळत होत्या. त्यांच्या लेखी ती दुकानातल्या मालाला असते तसली चिठ्ठी. आणि काकूंची सवय अशी की घरात आलेल्या कुठल्याही वस्तूवर चिठ्ठी म्हणून राहू द्यायची नाही. दुपारी काकांना बसल्या जागी डुलकी लागली होती. काकूंनी कात्री आणली, कट् केलं आणि तो लाल तुकडा बटणांच्या डब्यात टाकला. काही टाकून द्यायचं नाही, हे तोवर त्यांच्याही अंगात मुरलं होतं. तळीपलीकडे स्वतःचे पाय काकांना दिसत नसत. त्यांना एवढंच जाणवलं की पायजमा फाटायचा थांबला. त्यांना वाटलं, आपल्याला बसायची कला आली.

नव्वद दिवस भरले, एक्याण्णवावा उजाडला. साहेब थर्मास घेऊन हजर. फाटकात अध्यक्षांचा ट्रॅक्टर, इंजिन चालू, मागे ट्रॉलीत बेचाळीस लोखंडी खुर्च्या पाय वर करून पडलेल्या. दोघी जावा शेडच्या दाराच्या दोन कडांना, मधे दोन हातांचं अंतर राखून.

साहेबांनी आधी वरची खुर्ची पाहिली. पाठ पाहिली, हात पाहिले, पायांवर टिचक्या मारल्या. बसून बसून तिला अशी झिलई आली होती की साहेबांना तिच्यात स्वतःचा चष्मा दिसला. "उत्तम," ते म्हणाले. "आता सील."

सील नव्हतं.

काकू आत गेल्या आणि बटणांचा डबा घेऊन आल्या. "हे... हे होय? त्यांच्या पायजम्याला लागत होतं हो."

साहेबांनी डोळे मिटले, मग पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि उभ्यानं वाचलं, "सील तुटलेले आढळल्यास नमुना नष्ट झाला असे समजावे."

"अहो, नष्ट कसा? मी बसलोय की त्याच्यावर!" काका ओरडले.

"तुम्ही कशावर बसलाय हे पुस्तकाला ठाऊक नाही, पाचोळे. खुर्ची नष्ट. टिकाऊपणा नापास."

मग खालची. काकांनी तळी उतरवली, उठले, नष्ट खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि स्वतः कुदळ घेतली. काळी माती निघाली, भुसभुशीत, सुरेख. खुर्चीची काडीसुद्धा नाही. काकांचा जीव जरा भांड्यात पडतो न पडतो तोच कुदळीला काहीतरी लागलं. लाल. साहेबांनी ते रुमालानं पुसलं. प्लास्टिकचं सील, तार वळलेली तशीच, गाठ पक्की, नंबर ठळक, सही झळझळीत.

साहेबांनी पुन्हा पुस्तक उघडलं. त्यांचा आवाज आता पार खाली गेला होता. "सील अभंग असल्यास नमुना मूळ स्थितीत आहे असे समजावे."

"साहेब, खड्डा रिकामा आहे!"

"मला दिसतंय. पण मी तपासनीस आहे, मला दिसून चालत नाही. खुर्ची मूळ स्थितीत. कुजणे नापास."

अध्यक्षांनी मान खाली घातली आणि हातानं खूण केली. ट्रॉलीवरून पहिली लोखंडी खुर्ची खाली आली. तीनच पायांची होती, ती तिथेच कलंडली. तेवढ्यात शेडच्या दाराशी अकरा वर्षांत पहिल्यांदा आवाज झाला. थोरली म्हणाली, "आता गं?" आणि धाकटी म्हणाली, "बघू."

काका मटकन खाली बसले. सील, पुस्तक, ट्रॉली या कशानंही ते इतके हादरले नव्हते. "झालं," ते म्हणाले. "बोलल्या. बुडालो."

काकू मात्र खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. काहीतरी पुटपुटत त्यांनी पदर खोचला. हा जो 'अहो' त्यांनी साहेबांना उद्देशून काढला तो अठरावा होता; काकांनीही तो कधी ऐकला नव्हता.

"अहो साहेब, मला बाईमाणसाला समजावून सांगा. खालची खुर्ची नव्वद दिवस मातीत होती. ओलीत. वर ह्यांचं वजन, तळीचं वजन. आणि ती अजून मूळ स्थितीत आहे. असंच ना?"

"कागदोपत्री, हो."

"मग याच्यापेक्षा टिकाऊ खुर्ची तुम्ही उभ्या नोकरीत पाहिलीत?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आणि ही वरची. नव्वद दिवसांत नष्ट. शिल्लक काही नाही. असंच ना?"

"कागदोपत्री..."

"मग ती कुजली, दुसरं काय झालं? द्या की एकेकीला एकेक दाखला. कुठल्या खुर्चीला कुठला द्यायचा, असं लिहिलंय का तुमच्या पुस्तकात?"

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. साहेबांनी पुस्तक पहिल्या पानापासून चाळलं, मग शेवटच्या पानाकडून. अर्जाचे दोन्ही नमुने उन्हात धरून पाहिले. नव्हतं लिहिलेलं. त्यांनी थर्मास उघडला; तो रिकामा होता. काकूंनी न बोलता कप पुढे केला, आणि सेवेत लागल्यापासून पहिल्यांदा साहेबांनी दुसऱ्याच्या घरचा चहा घेतला. पाठ फिरवून का होईना, घेतला.

"एक अडचण आहे," कप परत देताना ते म्हणाले. "टिकाऊ ठरलेला नमुना पाचच्या आत कार्यालयात जमा व्हायला हवा. त्याशिवाय दोन्ही दाखल्यांवर शिक्का नाही."

"एवढंच ना? ही आत्ता आणतो," काका झिलईच्या खुर्चीला हात घालायला धावले.

"ती नको! ती नष्ट झालीय. नष्ट मालाची ने-आण करायची तर वेगळा परवाना लागतो. ती दुसरी आणा, मूळ स्थितीतली." आणि साहेब सायकलवर टांग मारून पुढे गेले.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "काका, पाचपर्यंत थांबतो. मग मात्र उतरवणार."

काकांनी खड्ड्यात पाहिलं. मग वाकले, दोन्ही हात पसरून रिकाम्या खड्ड्यातून काहीतरी जड उचललं, गुडघ्यावर टेकवलं, आणि डोक्यावर घेतलं. उजव्या हाताच्या बोटाला लाल सील लोंबत होतं. असे ते निघाले. पुढे काका, मागे काकू.

बाजारातली गर्दी आधी हसली. पण काका इतक्या जपून चालत होते, कोपऱ्यावर वळताना असे अंग चोरत होते, की हसता हसता लोक बाजूला व्हायला लागले. एका दुकानदारानं आपल्या दारावर टांगलेल्या बादल्या उचलून घेतल्या.

"अहो, डावीकडे! पाय लागतोय खांबाला," काकू ओरडल्या.

"दिसतंय मला!"

"काही दिसत नाही तुम्हाला. जरा तिरकी धरा."

काकांनी तिरकी धरली. कार्यालयाचा दरवाजा अरुंद निघाला. तिथे त्यांनी ती खाली उतरवली, आडवी केली, आधी पाय आत घातले, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी स्वतः गेले. भिंतीवरच्या घड्याळात पाचला सात मिनिटं होती. साहेबांच्या टेबलासमोर त्यांनी ती अलगद ठेवली, एका पायाखाली फरशी वर आली होती म्हणून जरा सरकवली, आणि सील साहेबांच्या हातात दिलं.

साहेबांनी नंबर ताडून पाहिला. सही ताडून पाहिली, स्वतःचीच होती. मग त्यांनी शिक्का शाईत दाबला आणि दोन्ही कागदांवर धाडधाड मारला. काकू कागद पदराखाली घेऊन दारातूनच मागे फिरल्या, कारण पाच वाजायला पाच मिनिटं होती. टेलिफोन बाजारात होता, शेडजवळच्या गिरणीत फोन करून अध्यक्षांना कळवायचं होतं, आणि ट्रॉली परत न्यायला लावायची होती.

खोलीत दोघंच उरले. साहेब दिवसभर उभे होते. ते टेबलाला वळसा घालून पुढे आले आणि त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले.

"पाचोळे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "खरं सांगा. टिकेल ना हो ही?"

काकांनी खांद्यावरच्या पंच्यानं ती जागा दोनदा झटकली, खुर्चीची पाठ धरावी तसा हवेत हात धरला, आणि म्हणाले,

"बसा की, साहेब. बिनघोर बसा. खाली तुमचीच सही आहे."